सतरा नंबर उसनं गेलंय

आमच्या आळीत हळद असली की डीजेवाला ते एक गाणं लावतोच लावतो. तुम्हीही ऐकलं असेल. होडी, वारा, नाखवा, वाट बघणारी बायको, सगळा माल त्यात आहे, आणि ठेका असा की खुर्चीला चिकटलेल्या म्हाताऱ्यांचेही पाय हलतात. ते लागलं की सगळा मांडव नाचायला पुढे धावतो. एक माणूस तेवढा उलटा धावतो. दोन्ही कानांत दोन बोटं घालून, वाटेतल्यांना कोपरांनी बाजूला सारत तो मांडवाबाहेर पडतो, बाहेर पालथ्या घातलेल्या होडीवर बसतो आणि समुद्राकडे तोंड करून राहतो. गाणं संपलं की कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारायची. मग तो बोटं काढतो, आत येतो आणि पुढच्या गाण्यावर सगळ्यांपेक्षा जास्त नाचतो.

नवीन पाहुण्यांना वाटतं की या गाण्याशी बिचाऱ्याचं काही दुःख जोडलेलं असणार. मागे मुंबईहून आलेल्या एका बाईंनी तर डोळ्यांना पदरही लावला होता. मी त्यांना म्हटलं, "अहो, दुःखबिख काही नाही. त्यांचं ते गाणं उसनं गेलंय. परत आलं नाही अजून." बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हळूच आपली खुर्ची थोडी लांब सरकवून बसल्या.

हे आमचे शेजारी, लखूतात्या. डहाणूच्या किनाऱ्यावर आमची आणि त्यांची भिंत एकच. उभी हयात समुद्रावर गेली, स्वतःच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचा कारभार त्यांच्या शब्दावर. काकी गेल्या, मुलगी लग्न होऊन उंबरगावला गेली, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर बोट विकली. आता ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करतात आणि फोनवर गाणी ऐकतात. गाण्यांची नावं त्यांना लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. फोनमध्ये जे गाणं ज्या नंबरावर आहे, तेच त्याचं नाव. आमच्या घरातही भूपाळीला चार नंबर आणि रुसलेल्या बायकोच्या गाण्याला नऊ नंबर म्हणतात, इतके आम्ही मुरलोय.

तात्यांचा कायदा एका ओळीचा आहे. "वस्तू एक, घर एक." गाणं मागा, तात्या खुशीने देतील. ब्लूटूथ चालू करतील, तुमच्या फोनमध्ये गाणं गेलं की नाही ते स्वतः बघतील. पण त्या क्षणापासून ते गाणं तुमच्या घरी. तात्यांच्या फोनमध्ये ते दिसत असतं, दाबलं तर वाजेलही, पण तात्या दाबणार नाहीत. गाणं उसनं गेलंय ना. तुम्ही ऐकून झालं की त्यांच्या ओट्यावर जायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत तुमच्या फोनमधून पुसायचं, मग ते परत तात्यांचं. तोवर ते गाणं कुठेही वाजू दे, टीव्हीवर, रिक्षात, देवळाच्या भोंग्यावर, तात्यांच्या कानांत बोटं.

एकदा स्टेशनजवळच्या सलूनमध्ये त्यांची अर्धी दाढी झाली असताना सतरा नंबर, म्हणजे तेच हळदीतलं गाणं, लागलं. तात्या गळ्याभोवतीच्या कापडासकट उठले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, कानांत बोटं. न्हावी वस्तरा घेऊन मागे आला. त्या वेळी स्टेशनात गाडी लागली होती आणि गाडीतून उतरलेल्या लोकांनी हा देखावा बघून दोघांच्या मध्ये पडायचा प्रयत्न केला. न्हाव्याने मला हे सांगितलं तेव्हाही त्याचा आवाज कापत होता.

आता तुम्ही म्हणाल, माणूस अडाणी असेल, फायलीची कॉपी होते हे त्याला कळत नसेल. मीही आधी तेच समजून शिक्षिकेच्या थाटात समजवायला गेले. "तात्या, मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटवली तर पहिली विझते का?"

"नाही विझत," तात्या म्हणाले. "पण मेणबत्तीवाल्याची दुसरी मेणबत्ती खपली ना? तुमच्या गाण्यात गाणाऱ्याचं काय खपलं?"

हा वाट्याचा हिशोब त्यांच्या हाडात मुरलेला. बोटीवर मासळी आली की तिचे वाटे पडतात. खलाशाचा वाटा, तांडेलाचा वाटा, बोटीचा वाटा, एवढंच काय, जाळ्याचाही वाटा. तलासरीच्या नाक्यावर एक दुकान होतं, बाहेर पाटी, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. तात्या एका लग्नाला जाताना तिथे उतरले आणि आत शिरले.

दुकानदार म्हणाला, "बोला काका, जुनी, नवी, भक्तीची? आपल्याकडे बधूंच आहे, सगळंच."

"ते दिसतंय. यात गाणाऱ्याचा वाटा कुठल्या टोपलीत काढतोस?"

"गाणारा काय इथे वाटा मागायला येतो, काका?"

"जाळं तरी कुठे येतं मागायला? तरी काढतोच ना आपण."

दुकानदार वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याने चहा मागवला, पाजला आणि तात्यांना जीपमध्ये बसवून दिलं. पुढे तात्या लांबून येताना दिसले तरी तो शटर अर्धं ओढून घ्यायचा. तात्या ज्या लग्नाला निघाले होते ते त्या दिवशी हुकलं ते हुकलंच. नवरा-नवरी पाया पडायला वाकली तेव्हा हे नाक्यावर चहा पीत होते.

तात्यांनी पहिल्या फोनवर गाणी एका कंपनीकडून रीतसर विकत घेतली होती. तो फोन बंदरावर पाण्यात पडला. नव्या फोनमध्ये जुनं कार्ड घातलं तर गाण्यांची नावं दिसत होती, पण वाजेनात. 'या फोनवर परवानगी नाही' असं येत होतं. दुसरा कुणी असता तर त्याने कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तात्या फोन हातात नाचवत आमच्याकडे आले. "बघा बाई, कंपनीलाही कळतं. गाणं एका घरचं, दुसऱ्या घरी आपोआप जात नाही." फोनमधल्या कुलपावर खूश झालेला माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

ही खुशी संध्याकाळपर्यंतच टिकली. माझ्या नवऱ्याने त्यांना सांगितलं, की या कुलपामुळे गाणं कुणाला उसनंही देता येत नाही. तात्या गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. ओट्यावर बसून, मोठ्याने, म्हणजे आख्ख्या आळीने तो ऐकला.

"पोरी, गाणं माझं आहे ना?"

तिकडून होकार आला असावा.

"मग शेजारणीला चार दिवस देऊ का? नाही? का नाही? अगं, वाटी माझी आणि शेजारी न्यायची तर दुकानदाराची परवानगी? मग ती वाटी माझी की त्याची?"

तिकडची पोरगी गोड आवाजात नियम वाचत राहिली. शेवटी तिने विचारलं असावं, आणखी काही मदत हवी का, कारण तात्या म्हणाले, "नको. जेवलीस का तू?" त्यानंतर दोघं बराच वेळ बोलत होते. तिच्या गावी कुठली मासळी मिळते ते तात्यांनी आम्हाला नंतर सांगितलं, पण कुलूप काही निघालं नाही.

थोडक्यात तात्यांची दोन्हीकडे दुश्मनी. नाक्यावरचा दुकानदार गाणं फुकट वाटतो म्हणून चोर, आणि कंपनी उसनं देऊ देत नाही म्हणून कंजूष. मी महिन्याचे पैसे भरून ॲपवर गाणी ऐकते, तर माझ्याबद्दल त्यांना फक्त कीव. "भाड्याची खोली ती, बाई. भाडं थांबलं की गाणी रस्त्यावर."

मग त्यांनी वापीला जाऊन सीड्या आणल्या आणि त्यातली गाणी फोनमध्ये भरायचं काम माझ्या गळ्यात मारलं. भरून झाल्यावर ते उठेनात. माझ्या कम्प्युटरमधून गाणी पुसली जाईपर्यंत माझ्या मानेमागे उभे. "राहिली तर तुम्ही चोर आणि मी भागीदार." मी पुसली. रिकामं फोल्डर उघडून दाखवलं. कचऱ्याचा डबाही उघडून दाखवला. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला, तोवर चहावर साय धरली होती.

गाणं परत करण्याचीही एक रीत आहे. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, तसं तात्यांचं गाणं रिकामं परत करायचं नाही. त्याच्यासोबत आपल्याकडचं एखादं ऐकवायचं. ठेवायला द्यायचं नाही, नुसतं ऐकवायचं. गाणं नसेल तर गोष्ट, बातमी, काहीही चालतं. पहिल्यांदा मी चार नंबर परत करायला गेले ती उभ्याउभ्या, पुसलं आणि निघाले. तात्या म्हणाले, "बाई, वाटी रिकामी." मग मी बसले. शाळेतल्या तपासणीची गोष्ट सांगितली. तात्या इतके हसले की जाळं विणायची सुई त्यांच्या हातातून सुटून ओट्याखाली गेली. घरी यायला मला उशीर झाला आणि कुकरची शिट्टी नवऱ्याने मोजली. तो अजून त्याचे उपकार सांगतो.

कुठलं गाणं कुणाकडे आहे हे लक्षात ठेवायला तात्यांच्या दाराशी खिळ्याला जाळ्याचा दोरा लटकलेला असतो. गाणं गेलं की एक गाठ मारायची, आलं की सोडायची. बहुतेक गाठी आठवड्या-पंधरवड्यात सुटतात. एक मात्र सगळ्यात वर, खाऱ्या वाऱ्याने कडक झालेली. तीच सतरा नंबरची.

हे गाणं बारकूकडे होतं. बारकू रानशेतचा. पाऊस संपून बोटी पाण्यात उतरल्या की तो दर हंगामाला तात्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून यायचा, ते थेट बोट विकेपर्यंत. डोंगरातला माणूस, पहिल्या वर्षी समुद्र बघून ओकला आणि पुढे तात्यांनंतर वारा ओळखणारा तोच. बोटीवर सतरा नंबर लावून जाळं ओढायचं हे दोघांचं ठरलेलं. बोट विकली त्या दिवशी बारकूने ते गाणं मागितलं. तात्यांनी दिलं, गाठ मारली आणि सांगितलं, "उसनं देतोय. आणून दे."

बारकू आला नाही. वर्षं गेली.

"तात्या, निरोप पाठवा ना," मी कितीदा म्हटलं.

"उसनं दिलेलं मागायला जाऊ नये, बाई. माणूस ओशाळतो." आणि थोड्या वेळाने, जाळ्यातून मान वर न करता, "त्याला आवडत असेल अजून. ऐकू दे."

यात हसण्यासारखं काय आहे, असं म्हणणाऱ्यांना मी सलूनची गोष्ट सांगायचे. पण खरं सांगते, ती गाठ बघितली की मला बारकूचा राग यायचा. एक गाणं ते काय आणि त्यासाठी म्हाताऱ्याला किती दिवस कानांत बोटं घालायला लावायची?

अशात माझी बदली झाली, आणि झाली ती रानशेतच्याच बाजूच्या एका शाळेत. रोज जीपने जायचं, जीपने यायचं. गावात बारकू नावाची माणसं मुबलक. मी एकदोघांना विचारलं, तर त्यातला एक किराणा दुकानदार निघाला आणि दुसरा बैल. मग मी नाद सोडला.

पाऊस सरता सरता शाळेच्या स्वयंपाकखोलीचे पत्रे बदलायला गावातली माणसं आली होती. पांढऱ्या दाढीचा, काटक, कमी बोलणारा एक जण शिडीवर होता. मी खाली वर्गाच्या दारात हजेरी घेत होते. तेवढ्यात रस्त्याने कुठल्याशा मिरवणुकीचा टेम्पो गेला, मोठमोठे स्पीकर बांधलेला, आणि त्यावर सतरा नंबर. पोरं बाकांवर ताल धरायला लागली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

शिडीवरचा तो माणूस घाईघाईने खाली उतरला. हातोडा टाकला. दोन्ही कानांत दोन बोटं घातली आणि विहिरीच्या मागे जाऊन, डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

जगात असा माणूस एकच आहे अशी माझी समजूत होती. हजेरी तशीच टाकून मी विहिरीकडे पळाले. माझ्यामागून आख्खा वर्ग पळाला, त्यांना वाटलं विहिरीत कुणी पडलं. टेम्पो लांब गेल्यावर मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, आळीतली सवय. त्याने दचकून बोटं काढली.

"बारकू का तुम्ही?" मी विचारलं. "लखूतात्यांच्या बोटीवरचे?"

तात्यांचं नाव ऐकून तो माणूस पुन्हा कानांत बोटं घालतो की काय असं मला वाटलं. मी पोरांना पिटाळलं, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि समोर बसले. मी बसले की लोक बोलतात, हा माझा अनुभव आहे.

"तात्याचं गानं हरवलं माज्याकडून," तो म्हणाला.

झालं होतं असं, की त्याचा फोन बिघडला आणि दुरुस्त करणाऱ्याने आतलं सगळं धुऊन दिलं. गाणं गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, काळजी नको, तेच गाणं टाकून देतो. बारकूने नको म्हटलं. "त्ये तात्याचं नाय ना, बाई. त्ये त्याचं. तात्याची वस्तू हरवायची नि दुसऱ्याची नेऊन द्यायची? कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आणि कान का बंद केलेत?"

"लाज वाटते ना. त्ये वाजलं का वाटते, तात्या इचारतो, कुठे हाय रे माजं गानं?"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे बघा, तालुक्याच्या त्या टोकाला एक म्हातारा गाणं आपल्याकडे नाही म्हणून कान बंद करून बसलाय, आणि या टोकाला दुसरा, ते आपल्याकडून हरवलं म्हणून. मधल्या सगळ्या रस्त्यावर, प्रत्येक रिक्षात, प्रत्येक लग्नात ते गाणं धडाधडा वाजतंय. या दोघांच्या प्रामाणिकपणाला एका पोत्यात घालून बडवावं असं मला वाटलं. मी तिथल्या तिथे तात्यांना फोन लावायला निघाले, तर बारकूने हात जोडले.

"आता नको, बाई. नवं भात घरात येऊ दे. तवा तारपा निघंल वाजवायला. तारपा घेऊन येतो. गानं नाय तर भरपाई तरी देतो."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी भाताची कापणी होईपर्यंत मी तात्यांसमोर अवाक्षर काढलं नाही. रोज संध्याकाळी ओट्यावरून त्यांची हाक यायची, "काय बाई, रानशेतला काय नवीन?" आणि मी "काही नाही" म्हणून घरात पळायचे. तात्यांना वाटलं मी त्यांच्यावर रुसले. त्यांनी नऊ नंबर न मागता पाठवून दिलं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली तर बारकू फाटकाशी उभा. धुतलेला सदरा, आणि हातात तारपा. तुम्ही तारपा पाहिला नसेल तर सांगते, भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे हे लांब ताडाच्या पानांचं तोंड. जीपमध्ये तो मावेना. शेवटी त्याचं मागचं टोक बारकूच्या मांडीवर, पोट माझ्या मांडीवर आणि तोंड खिडकीबाहेर. "वळणावर सांभाळा हो," म्हणून मी ड्रायव्हरवर इतक्यांदा ओरडले, की तो म्हणाला, "बाई, आत बाळंतीण बसवली असती तरी एवढं बोलला नसतात." डहाणू जवळ आलं, खारा वारा लागला, तसा बारकू नळ्यांवरून सारखा हात फिरवायला लागला. खाडीच्या पुलावर तो म्हणाला, "बाई, मी परत जातो." मी म्हटलं, "तारपा माझ्या मांडीवर आहे. तो घेतल्याशिवाय जाऊन दाखवा."

तात्या ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. त्यांनी आधी तारप्याचं तोंड बघितलं, मग बारकूचं. हातातली सुई जाळ्यातच राहिली.

"बारक्या," ते म्हणाले, "दाढी पांढरी केलीस."

"तुमी टक्कल केलं," बारकू म्हणाला.

मला राहवेना, पण मी बोलले नाही, याची नोंद घ्यावी. बारकूने खाली बघत सगळं सांगितलं. फोन, धुलाई, हरवलेलं गाणं. तात्यांनी ते न्यायाधीशासारखं ऐकलं. मग डोळे मिटून विचार केला.

"वस्तू एक, घर एक. बरोबर?"

"बरोबर," बारकू म्हणाला.

"तुझ्या घरी ती नाही. नक्की?"

"नाय, तात्या. पार धुतली."

"मग एकच घर उरलं. ती कधीच परत आलीय. आपली आपण चालत आली, आणि मी मूर्ख इतकी वर्षं कानांत बोटं घालून बसलो." असं म्हणून तात्या उठले, खिळ्यावरचा दोरा काढला आणि ती वरची गाठ सोडायला बसले. नखांनी सुटेना. दातांनी सुटेना. शेवटी जाळ्याची सुई घालून दोघांनी दोन बाजूंनी ओढली तेव्हा सुटली. तात्यांनी फोन काढला आणि सतरा नंबर लावलं. दोघं म्हातारे ओट्यावर बसून, हातात नसलेलं जाळं ओढत, ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत राहिले. आमच्या आळीने ते गाणं हजारदा ऐकलं असेल. त्या दिवशी कुणी मधे बोललं नाही.

मग बारकूने तारपा उचलला. गाल फुगले, नळ्यांवर बोटं धावली आणि तो घुमणारा, नाकातून आल्यासारखा सूर समुद्राकडे निघाला. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हात पुसत आल्या. कुणीतरी कुणाच्या कमरेला हात घातला, आणि बघता बघता ओट्यासमोर फेर धरला गेला. ताल कुणालाच येत नव्हता. माझा नवरा नाचला, जो स्वतःच्या लग्नात नाचला नव्हता. तात्या मधोमध उभे राहून फोनमध्ये ते भरून घेत होते, बारकूला रीतसर विचारून.

बारकू थांबला, घाम पुसला आणि मोकळं हसला. "घ्या तात्या, ही भरपाई. कायमची तुमची. फिटलं आपलं."

तात्यांचा चेहरा पडला. एवढा पडला की हसणारेही थांबले.

"फिटलं कसं?" ते म्हणाले. "फिटलं म्हणजे तू परत कशाला येशील?"

तात्यांना आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण ते उगाचच फोनची काच सदऱ्याला पुसायला लागले. "भरपाई कसली घ्यायची? गाणं घरी आलेलंच आहे. हा तुझा तारपा मी उसना घेतो. फोनमधून पुसायला तुझ्याकडे येईन. रानशेतला. आणि तुझा फोन दे इकडे."

"कशाला?"

"सतरा नंबर घेऊन जा."

आता मात्र मी तोंड उघडलं. "तात्या, अहो, इतक्या वर्षांनी आत्ता कुठे एकदा ऐकलंत. परत उसनं देताय? कायमचं देऊन टाका, नाहीतर ठेवून घ्या."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, शाळेतल्या ढ पोराकडे मी बघते तसं. "बाई, गाणं काय, ते कुठेही वाजतं," ते म्हणाले आणि दोऱ्याला वरती नवीन गाठ मारायला लागले.

तारपा परत करायला ते रानशेतला जाऊन आले. वाटी रिकामी न्यायची नाही म्हणून सुक्या बोंबलांचं गाठोडं सोबत होतं, आणि त्या वासाने जीपमधले लोक माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

परवा आळीत हळद होती. डीजेवाल्याने सतरा नंबर लावलं. तात्या कानांत बोटं घालून, कोपरं मारत, बाहेर पळाले. मी मागोमाग गेले. ते पालथ्या होडीवर समुद्राकडे तोंड करून बसले होते, आणि पायाचा अंगठा वाळूत ठेका धरत होता. आत गाणं ऐन रंगात आलं होतं. मी त्यांच्या मागे उभी राहून, अगदी हळू आवाजात विचारलं, "तात्या, बारकू कधी येणार?"

कानांतली बोटं न काढता तात्या म्हणाले, "होळीला."